गाडीत स्टोव्हला जागा नाही

न्युरेम्बर्गला जाऊन मी पहिला जर्मन शब्द शिकले तो ‘एन्टशुल्डिगुंग’. म्हणजे माफ करा. त्यासाठी मला कुठल्या वर्गाला जावं लागलं नाही, घरच्याच माणसाकडून उठताबसता ऐकू यायचा. ट्राममध्ये माझ्या साडीचा काठ कुणाच्या बुटाखाली आला, की हे त्या बूटवाल्यालाच म्हणायचे, एन्टशुल्डिगुंग. दुकानात मी टोमॅटो दाबून बघितला, की दुकानदारणीला एन्टशुल्डिगुंग. जिन्यात मी मोठ्याने हसले, तर बंद दारांनासुद्धा! ‘हे’ म्हणजे माझे यजमान. नाव तेव्हाही घेत नव्हते, आता या वयात काय घेणार?

साठ सालच्या आसपासची गोष्ट. हे पुण्याहून इंजिनियर होऊन गेलेले, तिथल्या एका मोठ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत डॉक्टरेटचं काम करत होते. मी सांगलीची, नवीन लग्न होऊन मागाहून बोटीने गेले. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो आणि खाली घरमालकीण. गेल्या गेल्या पहिल्याच आठवड्यात मी हौसेने आमटीला हिंगाची चरचरीत फोडणी दिली. पाच मिनिटांत घरमालकीण नाकाला रुमाल लावून दारात हजर! हिंगाला त्यांच्याकडे ‘सैतानाची घाण’ म्हणतात, औषधाच्या दुकानात त्याच नावाने मिळतो. बाई तेच नाव घेऊन काहीबाही बोलत होती आणि हे मान खाली घालून एन्टशुल्डिगुंग, एन्टशुल्डिगुंग करत होते. वर, या घरात पुन्हा फोडणी होणार नाही असा शब्दही देऊन बसले. मला विचारलं? छे!

तेव्हापासून आमच्याकडे उकडलेला बटाटा, उकडलेली डाळ, उकडलेला कोबी. बाळंतिणीला तरी याहून चांगलं खायला घालतात. हे मात्र काट्याने तो कोबी टोचून म्हणायचे, “पोटाला हलकं असतं.” माझ्या डोक्यात तिडीक जायची.

अशात एके दिवशी हे उड्या मारत घरी आले. यांच्या प्रयोगशाळेतल्या वरच्या साहेबांनी आम्हाला फिंग्स्टनच्या, म्हणजे त्यांच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या सणाच्या सुट्टीत किमजेला बोलावलं होतं. किमजे म्हणजे दक्षिणेकडे आल्प्सच्या पायथ्याशी एक भलंमोठं तळं आहे. तिथे काठावर तंबू ठोकून राहायचं, पोहायचं, होड्या वल्हवायच्या.

“अहो, घराला धड छप्पर असताना उघड्यावर झोपायचं?” मी म्हटलं. “आणि वर त्याचे पैसे भरायचे?”

“अगं, कॅम्पिंग म्हणतात त्याला. सगळं जर्मनी जातं.”

सगळं जर्मनी जात असेल तर आमची काय बिशाद! रविवारी साहेब आणि त्यांची बायको बेत ठरवायला आमच्याकडे आले. तिला मी मनातल्या मनात साहेबीणबाई म्हणत असे. माणसं खरंच चांगली होती. साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला आणि पेन्सिलीने एकेक गोष्ट ठरवायला लागले. कुठून निघायचं, कुठे थांबायचं, तंबू कुणी आणायचा. एकेक ठरलं की ते “गेनाऊ!”, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणून टेबलावर टिचकी मारायचे. लगेच हेही “गेनाऊ!” जेवणाला ब्रेड, चीज, उकडलेली अंडी आणि डब्यातलं सूप. गेनाऊ! उकडलेलं काही राहायला नको म्हणून बटाट्याचं सॅलड.

मग साहेबीणबाई माझ्याकडे वळल्या आणि मला समजावं म्हणून सावकाश बोलल्या, “तुम्हाला काय आवडेल तिथे?”

मी तोंड उघडायच्या आत यांनी उत्तर दिलं, “हिला काहीही चालतं.”

झालं! पारा चढला माझा. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी म्हणाले, “नाही. काहीही चालत नाही. एक संध्याकाळ स्वयंपाक मी करणार.”

आणि माझ्या डाव्या बाजूने हळूच आवाज आला, “एन्टशुल्डिगुंग.”

साहेबीणबाई मात्र खुशीत म्हणाल्या, वा, काय करणार? मी म्हटलं, पिठलं. हे घाईघाईने समजावायला लागले, की ते म्हणजे पिठाचं पिवळं सूप असतं, अगदी साधं, कसलाही वास नसलेलं. वासाला जर्मनमध्ये काय म्हणतात ते घरमालकिणीच्या कृपेने मला चांगलं पाठ होतं.

पाहुणे गेल्यावर मी दार लावलं आणि सरळ विचारलं, “तुम्हाला माझी लाज वाटते का हो?”

“लाज कसली?” हे नकाशाची घडी घालत बसले. “परक्या देशात आहोत आपण. जरा सांभाळून राहावं लागतं.”

“सांभाळा ना. पण मी काय कुणाला चावते, की तुम्ही माझ्या मागे मागे माफी मागत फिरता?”

यांना घडी काही जमेना. तेव्हा मी सांगून टाकलं, की तळ्यावर मी पिठलं करणार, हिंगाची फोडणी देऊनच करणार. आणि तिथे जर तुमच्या तोंडून तो शब्द निघाला, तर माझं बोटीचं तिकीट काढायचं, मी सांगलीला चालले. रागात माणूस बोलून जातो तसं ते नव्हतं. त्या उकडलेल्या घरात माझा जीव खरोखर गुदमरत होता. आणि कोबीपेक्षा तो शब्द जास्त टोचायचा.

पुढचा सबंध आठवडा सामानाच्या तयारीत गेला. साहेबांची गाडी छोटी, कासवाच्या पाठीची. यांनी आलेखाच्या कागदावर तिचं चित्र काढून त्यात चौकोन आखले. हा तंबू, ही साहेबांची बॅग, हा ब्रेड. आमच्या अंथरुणाचा प्रश्न आला तेव्हा मी पलंगाखालून होल्डॉल ओढून काढला. गादी, चादरी, उशा, वरून टॉवेल, आणि पट्टे आवळून बांधलेला. साहेब बघायला आले तर त्याभोवती फेरीच मारली त्यांनी. पट्टे सोडून आत डोकावले आणि म्हणाले, अहो, ही तर अख्खी झोपायची खोली आहे! त्यांना तो इतका आवडला, की त्यांनी स्वतःची एक बॅग कमी करून होल्डॉलला जागा दिली. स्टोव्हला मात्र यांच्या चित्रात चौकोनच नव्हता.

माझा पितळेचा पंपाचा स्टोव्ह, बोटीतून पोटाशी धरून आणलेला. मी दोन्ही उशा काढल्या आणि तो होल्डॉलमध्ये गुंडाळला. संध्याकाळी बघते तर उशा परत आत आणि स्टोव्ह बाहेर.

“गादीला रॉकेलचा वास लागेल,” हे म्हणाले.

पुन्हा वास! मी हात टेकले. शनिवारी सकाळी गाडी दारात आली तेव्हा जुन्या लुगड्यात गुंडाळलेला स्टोव्ह घेऊन मी मागच्या सीटवर जाऊन बसले आणि तो मांडीवर ठेवला. वरून बेसनाचा डबा, आणि त्यात पुरचुंडी करून हिंग-मोहरी.

“एन्टशुल्डिगुंग,” हे साहेबांना म्हणाले, “ती स्टोव्ह घेऊन...”

“गेनाऊ!” म्हणत साहेबांनी गाडी सुरू केली. आमची अट तळ्यावरची होती, म्हणून हा एन्टशुल्डिगुंग मी धरला नाही. पण म्युनिक येऊन गेलं तरी मी खिडकीबाहेरच बघत होते.

किमजे सुंदर होतं, उगाच खोटं कशाला बोलू? पलीकडे डोंगरांवर अजून बर्फ होतं आणि पाणी अगदी काठापर्यंत निळं. तंबू ठोकताना यांनी हातोडा स्वतःच्याच अंगठ्यावर मारून घेतला, तेवढ्याने मला जरा बरं वाटलं. संध्याकाळी ऊन कलायला लागलं तसा मी स्टोव्ह मांडला. पिन घातली, पंप मारला आणि तो फुरफुरायला लागला. सांगलीच्या स्वयंपाकघरातला आवाज! बेसन पाण्यात कालवलं, गुठळ्या मोडल्या, कांदा चिरला. भात बाजूला होऊन तयार होता. मग तेल तापवलं आणि मोहरी टाकली. ती तडतडली. हळद, लाल मिरच्या, आणि चिमूटभर घालायचा तिथे मी चांगला मोठा चमचाभर हिंग घातला.

वारं नेमकं साहेबांच्या दिशेला! साहेबांना असा ठसका लागला की काय सांगू. साहेबीणबाई डोळे पुसत उठून लांब गेल्या. शेजारच्या तंबूतून एका माणसाने डोकं बाहेर काढलं, माझ्याकडे बघितलं आणि तंबूचं दार ओढून घेतलं. अगदी घरमालकिणीसारखं तोंड केलं होतं त्याने.

मी यांच्याकडे बघितलं. हातातली पळी तशीच राहिली. हे हातोडा घेऊन उभे होते. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, त्या तंबूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठ हलले, आणि मला वाटलं, आलाच आता तो शब्द. सांगलीला जायचं तर होतं का मला खरंच? अजिबात नव्हतं.

यांनी छाती भरून श्वास घेतला. मग शेजारच्या तंबूलासुद्धा ऐकू जाईल अशा आवाजात जर्मनमध्ये म्हणाले, “हा आमच्या घरचा वास आहे. माझी बायको स्वयंपाक करते आहे.”

एवढंच. हातोडा ठेवला, तळ्यावर जाऊन हात धुऊन आले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले. मी वाढलं. चमचा दिला तो त्यांनी बाजूला ठेवला आणि हाताने कालवून खायला सुरुवात केली. इतक्या महिन्यांत घरात आम्ही दोघंच असतानासुद्धा हा माणूस काट्याशिवाय जेवला नव्हता. मला इतका आनंद झाला की त्या शेजारच्या माणसालाही नेऊन वाढावंसं वाटलं.

साहेबांनी घाम पुसत पुसत ब्रेडबरोबर एक ताटली संपवली. साहेबीणबाईंनी दोन चमचे खाऊन प्रामाणिकपणे सांगितलं, की हे काही मला जमत नाही, आणि आपला सुपाचा डबा उघडला. मला मुळीच वाईट वाटलं नाही. त्यांच्यासाठी कुठे केलं होतं मी?

यांचं नाक लाल झालं होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी ताट रिकामं करून पुन्हा पुढे केलं.

“मीठ जरा कमी पडलंय,” हे म्हणाले.

“एन्टशुल्डिगुंग,” मी म्हणाले, आणि आणखी वाढलं.