हाल्वरचं पहिलं 'नको'

हाल्वर ट्वेटेनला छावणीत येऊन अकरा आठवडे झाले होते आणि त्यातल्या एकाही दिवशी त्याची झोप पुरी झाली नव्हती. कष्टांचं त्याला काही वाटत नव्हतं. घरी, मिनेसोटात, तो रोज पहाटे साडेचारला उठून बावीस गाईंच्या धारा काढायचा. पण धारा काढल्या की कॅन भरतो, दूध डेअरीत जातं, केलेल्या कामाचं काहीतरी होतं. इथे लुइझियानाच्या चिकट उन्हात सकाळी खड्डा खणायचा, कॅप्टनचा बघून झाला की दुपारी तोच बुजवायचा. असल्या कामाने माणूस आतून थकतो. संध्याकाळी बूट काढायला वाकायचं म्हटलं तरी त्याच्या जिवावर यायचं.

त्रेचाळीस सालचा, महायुद्धातला उन्हाळा होता तो. वडील अजून धडधाकट होते, शेत सांभाळू शकत होते, म्हणून भरतीवाल्यांनी हाल्वरला उचललं. वय एकोणतीस. बराकीतले बाकीचे एकोणीस-वीसचे, त्यामुळे सगळे त्याला म्हातारबा म्हणत. हे नाव पाडलं शेजारच्या खाटेवरच्या कार्माइनने. नेवार्कचा इटालियन न्हावी हा. झोपेतसुद्धा बडबडायचा.

बोर्गहिल्डची, म्हणजे हाल्वरच्या बायकोची, पत्रं चार ओळींची असत. लाल गाय व्याली, कालवड झाली, तुझे वडील बरे आहेत, पाऊस नाही. खाली सही. आमच्या नॉर्वेजियन शेतकरी लोकांना प्रेमाबिमाचं लिहिता येत नाही. ते वाचणाऱ्याने गाईच्या बातमीतून काढून घ्यायचं असतं, आणि लग्नाला दोन वर्षं झालेल्या हाल्वरला ते बरोबर काढता येत होतं. महिन्याभरात तुकडी समुद्रापार जाणार, हे छावणीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण घरी कळवायला बंदी होती. म्हणून त्याने नुसतं लिहिलं होतं की इथली हवा लवकरच बदलेल असं दिसतं. बुधवारी तिचं उत्तर आलं. या वेळी एक ओळ जास्त होती. 'तिकीट काढलं आहे, शनिवारी दुपारी पोचते, धारांना बहीण येणार आहे.'

म्हणजे दोन दिवस आणि दोन रात्री बसून प्रवास. तिने आजवर जिल्ह्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. हाल्वर ते पत्र खिशात घालून कवायतीचे बारा मैल चालला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला पायाचे फोड आठवले नाहीत.

शनिवार दुपार ते रविवार संध्याकाळ बाहेर राहायचे पास तुकडीला दोनच आले होते. गुरुवारी जेवणाच्या रांगेत सार्जंट प्रूइट त्याच्यापाशी येऊन उभा राहिला. टेक्ससचा माणूस, आवाज मोठा, पण मनाने वाईट नव्हता. कार्माइनने त्याच्या कानावर आधीच घातलं होतं.

"ट्वेटेन, बायको येतेय म्हणे. पास हवाय का?"

"नको नको, सार्जंट," हाल्वर म्हणाला. "दुसऱ्या कोणाला गरज असेल."

आता हे आमच्याकडचं कोणीही असंच म्हणालं असतं. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की उगीच कशाला त्रास. तिसऱ्यांदा विचारलं की, बरं, एवढं म्हणताय तर. कॉफीचा कप असो नाहीतर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर, पहिल्या झटक्यात हो म्हणणारा माणूस आमच्यात हावरट समजला जातो. हाल्वर थाळी धरून दुसऱ्या विचारण्याची वाट बघत राहिला.

"बरं," म्हणून सार्जंटने वहीत काहीतरी लिहिलं आणि तो पुढे गेला.

बराकीत आल्यावर कार्माइनने त्याची यथेच्छ हजेरी घेतली. "म्हातारबा, डोकं गहाण ठेवलंयस का? बायको देश ओलांडून येतेय आणि तू नको म्हणतोस? आता तो पास मला दिलाय त्याने! मी काय करू त्याचं? सिनेमा बघू?"

"तो परत विचारेल असं वाटलं."

"कोण परत विचारतं? तुझी आई? जा, आत्ताच्या आत्ता जा आणि माग त्याच्याकडे."

मागायचं. हाल्वरने आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. लग्नाचंसुद्धा बोर्गहिल्डनेच शेवटी कंटाळून काढलं होतं. कंपनीच्या कचेरीपर्यंतचा रस्ता त्याला बारा मैलांपेक्षा लांब वाटला.

"सार्जंट, मला हवा होता पास."

प्रूइटने मान वर केली. "मग नको का म्हणालास?"

"तुम्ही एकदाच विचारलंत."

सार्जंट आधी हसला, मग हाल्वरचा चेहरा बघून हसायचा थांबला. पास नावावर असतात, कॅप्टनच्या सह्या होऊन ते वर गेलेत, आता काही होणार नाही, असं त्याने सांगितलं. भेटीला येणाऱ्यांना फक्त रविवारी आत सोडायचे, दोन ते तीन, एक तास. तेवढं मात्र मिळेल. "लष्कर एकदाच विचारतं, ट्वेटेन," तो म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता.

शनिवारी कार्माइन त्याचा पास घेऊन स्टेशनवर गेला, बोर्गहिल्डला गाठून तिला सगळं सांगायला. हाल्वर दिवसभर आधीच स्वच्छ असलेली रायफल पुसत राहिला. ती चार मैलांवर आहे आणि आपल्यामुळे एकटी आहे, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. त्याला स्वतःची लाज वाटत होती. थकवा तर इतका होता की ती लाजसुद्धा नीट वाटून घेता येत नव्हती.

रविवारी दोनला ती आली. चर्चला घालायची टोपी, डोळ्यांखाली तीन रात्रींचं जागरण. लांब टेबलांवर घरोघरची माणसं दाटीवाटीने बसली होती. ही दोघं समोरासमोर बसली. पहिली वीस मिनिटं गाईंचीच झाली.

"तुझा तो मित्र चांगला आहे," मग ती म्हणाली. "एका बाईंकडे खोली बघून दिली. जेवायचंही विचारलं त्याने. मी नको म्हणाले, तर म्हणाला, थांबा, मला माहितेय, अजून दोनदा विचारतो."

हाल्वर हसला, मग खाली बघू लागला. "चुकलं माझं. मी पहिल्यांदाच हो म्हणायला हवं होतं."

"मीही नकोच म्हणाले असते," ती म्हणाली. "त्याबद्दल नाही मला राग. मी रात्रभर वेगळाच विचार करत होते. तिकडे तुला लागलं आणि कोणी विचारलं, फार लागलंय का, तर तू काय सांगशील? काही नाही, आधी त्याला बघा. आणि ते पुढे जातील."

तसंच झालं असतं, हे त्याला कळत होतं.

"पहिल्यांदाच हो म्हणायचं. शब्द दे मला."

"बरं."

"तुझं हे बरं मला चांगलं माहीत आहे. मी आता तुला एक विचारणार आहे, आणि एकदाच विचारणार आहे." तिने टोपी नीट केली. "भीती वाटते?"

नाही गं, तसं काही नाही, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. आजवर बापाला, पाद्र्याला, डॉक्टरला त्याने हेच सांगितलं होतं. बोर्गहिल्ड त्याच्याकडे बघत थांबली. दाराशी पहारेकरी दहा मिनिटं उरल्याचं ओरडून गेला. तिने परत विचारलं नाही.

"हो," हाल्वर म्हणाला. "फार वाटते."

"मलाही," ती म्हणाली, आणि तिने टेबलावरून हात पुढे करून सगळ्यांसमोर त्याचा हात धरला. आमच्याकडे असं कोणी करत नाही. तीन वाजेपर्यंत तिने तो सोडला नाही.