काकूंच्या मीडिया रूममध्ये अनूचा पार्ट

सिंकखाली दह्याचे रिकामे डबे साठतात ना, तसे हे किस्से साठलेत. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा उरली नाही. आज काढतेच बाहेर.

इथं अमेरिकेत, शुगर लँड गावात आमच्या काकू राहतात. काका डॉक्टर होते, आता रिटायर. वरच्या मजल्यावर मीडिया रूम, भिंतभर पडदा. महिन्यातून एका शनिवारी दुपारी मराठी मंडळी जमतात आणि काका सगळ्यांना अमेरिकेचा इतिहास दाखवतात, म्हणजे गुलामगिरीचे सिनेमे. माझा नवरा हॉटेलात स्वयंपाकी. मी सातवी शिकलेली, काकूंकडे पोळ्या करते. पण काकू मनानं मोठ्या. "सुमन, तूही बस गं. अनूला खेळू दे मुलांत."

अनू माझी मुलगी, सहा वर्षांची. रंगानं माझ्यावर गेलीय. सगळी काळजी तिचीच.

*

पहिलाच सिनेमा. एका माणसाला झाडाला बांधून चाबकानं फोडत होते. मी डोळेच मिटले. तेवढ्यात काकांनी पॉज केलं. "चला, वडे गार होतील!"

पडद्यावर ती फाटलेली पाठ तशीच थांबलेली, आणि समोर आम्ही प्लेटी घेऊन बसलेलो. एकजण म्हणाले, "चटणी जरा तिखटच झालीय हं!"

चटणी माझी होती. मी सॉरी म्हणाले.

*

काकूंना रडू फार येतं. एकदा टिश्यूचा अख्खा बॉक्स संपवला. नाक पुसत म्हणाल्या, "काय हाल केले गं माणसांचे! आणि तो मालकाचा बंगला बघितलास? पांढरे खांब, दोन्हीकडं जुनी झाडं..."

पुढच्या वर्षी त्यांच्या भाचीचं लग्न तसल्याच एका गुलामगिरीच्या काळातल्या बंगल्यात झालं. मला फोनवर फोटो दाखवले. "अगदी सिनेमातल्यासारखं!"

फोटोत नवरी झाडाला टेकून उभी होती.

*

ग्लोरिया काकूंकडे साफसफाईला येते. काळी आहे, साठीची असेल. एका शनिवारी तिला काम आवरायला उशीर झाला, तर काकूंनी प्रेमानं सोफ्यावर बसवलं. झालं! पडदा सोडून सगळी खोली तिच्याकडेच बघायला लागली. पडद्यावर कुणी रडलं की इकडून तिच्यापुढं टिश्यू.

ती शांतपणे उठली. माझं इंग्लिश अर्धंमुर्धं, पण तिचं बोलणं पूर्ण कळलं. म्हणाली, "ज्यात आमच्यातल्या कुणाचा वाढदिवस असेल, तो सिनेमा लावाल तेव्हा मला बोलवा."

काका अजून शोधतायत!

*

मुलं शेजारच्या खोलीत खेळतात. पण दार उघडंच असतं, त्यांनी बघायचं ते बघून घेतलं. एकदा मी ज्यूस घेऊन गेले, तर अनू खुर्चीच्या पायाला काकूंच्या ओढणीनं बांधलेली. सगळी आपलीच मुलं, मराठी. एकजण मला समजावून सांगतो, "मावशी, शी इज द डार्केस्ट. सो शी इज द स्लेव्ह!"

मी गाठ सोडली. काकू धावत आल्या आणि हसल्या. "अगं, खेळतायत गं! मुलांच्या मनात काही नसतं."

आमच्या शाळेच्या गॅदरिंगला दरवर्षी मी राक्षसीण असायचे. बाई म्हणायच्या, "हिला रंगवायला नको!" सगळे हसायचे. मीही हसायचे.

*

अनूला नेणं बंद करावं, तर तिला ठेवू कुणाकडं? काम सोडणं तर जमणारच नाही. मग दुसरं काय करणार, दर महिन्याला त्या शनिवारी सकाळी तिला बेसन-दही लावून घासायला लागले. "आई, इट हर्ट्स!" "थांब गं, जरा उजळशील."

पुढं पुढं तीच हात पुढे करायला लागली. "आई, इथं राहिलं."

*

आणि हा गेल्या शनिवारचा. काकूंकडून निघालो, तर अनू गाडीत उड्या मारतेय. कित्येक महिन्यांत इतकी खुशीत बघितली नव्हती.

"आई, आज मी स्लेव्ह नव्हते!"

"सुटलीस गं बाई!" माझ्या तोंडून निघूनच गेलं. मग विचारलं, "कोण होतं मग?"

"सई. न्यू आहे ती, नागपूरची. शी इज डार्कर दॅन मी."

"आणि तू?"

"मी मालक!"

गाडी सिग्नलला थांबली. मी मागं वळून बघितलं. काकूंची ओढणी अजून तिच्या हातातच होती, घट्ट पीळ दिलेली.

"आई, मी हळूच मारलं."