ठोकळ्यांचं घर आणि उजवा डोळा

मुलगी दुसरीत होती. पालकसभेत गणिताच्या बाई म्हणाल्या, "बेरीज-वजाबाकी उत्तम आहे हो, पण ठोकळे रचायला दिले की गडबडते. मनोऱ्यावर ठेवायचा ठोकळा अलीकडेच सोडते. घरी खेळा तिच्याशी. पुढे भूमितीला उपयोग होतो."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे शाळा त्यांची आणि शिकवायचं आम्ही! तरी खराडीहून स्कूटर हाणत बुधवार पेठेत गेलो आणि लाकडी ठोकळ्यांची पेटी आणली.

पेटीत खेळाचा कागद होता. ठोकळ्यांचं घर रचायचं, एक डोळा झाकून दुसऱ्याने कागदाच्या सुरळीतून बघायचं आणि दिसेल तसं चित्र काढायचं. मग जागा बदलून पुन्हा. एकच घर पुढून वेगळं, बाजूनं वेगळं दिसतं, हे मुलांना कळावं म्हणून. लेकीने पुढची बाजू झकास काढली. मग ती टेबलाच्या बाजूला जाऊन बसली. मी सहज म्हणालो, "आता दुसऱ्या डोळ्याने बघ."

तिने डावा डोळा तळव्याने झाकला आणि सुरळी उजव्याला लावली.

"बाबा, घर गेलं."

घर तिच्या नाकासमोर होतं. भर दुपारचं ऊन टेबलावर पडलेलं.

"नाटकं पुरेत," मी खेकसलो.

ती रडवेली झाली. "खरंच नाही दिसत. हा बघायचा डोळा नाहीये."

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. लेकीचा डावा डोळा झाकून तिने समोर बोटं धरली. "किती आहेत?"

"काय किती आहेत?"

बायकोने तिच्या डोळ्यावरचा हात काढला. लेक आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला दोन्ही डोळ्यांनी दिसतं?"

आमच्याएवढाच धक्का तिलाही बसला होता. सगळ्यांना एकाच डोळ्याने दिसतं, अशी तिची समजूत होती. आणि आम्ही रोज त्याच डोळ्यांत काजळ घालत होतो!

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याला मोठा नंबर आहे. मेंदूने त्याच्याकडे लक्ष देणंच सोडलंय. एकाच डोळ्याने लांब-जवळ नीट कळत नाही, म्हणून तर ठोकळा अलीकडे पडतो. चष्मा लावा आणि रोज थोडा वेळ चांगल्या डोळ्यावर पट्टी. नजर परत येईल का, या प्रश्नावर ते एवढंच म्हणाले, "अजून वय आहे. प्रयत्न करू."

पट्टी लावली की ती चिडायची, ठोकळे भिरकवायची. मी गोळा करायचो, पुन्हा मांडायचो. असे कित्येक महिने गेले.

एके दिवशी पट्टी काढून ती खेळत होती. मान वर करून तिने माझ्याकडे पाहिलं आणि किंचाळलीच, "अय्या बाबा, तुमचं नाक केवढं पुढे आलंय!"

"ते लग्नाआधीपासूनच आहे," बायको आतून म्हणाली.

या नाकावरून चिडवणाऱ्यांशी मी शाळेत मारामाऱ्या केल्या आहेत. त्या दिवशी मात्र ते तसंच पुढे करून बसून राहिलो. लेकीने हात लांबवला आणि पहिल्याच झटक्यात शेंडा चिमटीत पकडला.