दिवस मावळायच्या आत

माझ्या आईला सगळे आक्काताई म्हणतात. ती हट्टी आहे, हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणी सांगायला नको. सांगलीत मी ज्या दवाखान्यात नर्स आहे, त्याच्या समोर ती पेशंटच्या नातेवाइकांसाठी अन्नछत्र चालवते. पैसा जिनदत्त अण्णांचा. हळदीचे व्यापारी, हात सढळ, पण नियमाला पक्के. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही. त्यामुळे अन्नछत्राची चूलही त्याआधीच विझायची आणि संध्याकाळची पंगत पाचला बसायची.

पाचला तिथं कुत्रं फिरकत नव्हतं. ती डॉक्टरांच्या फेरीची वेळ; आपलं माणूस खाटेवर सोडून कोण येणार? आठ वाजता तीच माणसं वॉर्डाबाहेर नुसतं पाणी पिऊन बसलेली मला दिसायची. भरली पातेली उरायला लागली तसे अण्णा म्हणाले, "लोकांस्नी गरज न्हाई, आक्काताई. म्हैनाअखेर बंद करूया."

दुसऱ्या दिवशी आईनं साळूबाईला कामावर घेतलं. ही ऊसतोडीला जाणारी. नवरा आमच्या वॉर्डात पडून, घरात कमावणारं कुणी नाही. दोघींनी ऊन असेतोवर भाकरी थापल्या, शेंगाची चटणी घातली, रानात न्यायला बांधतात तशा फडक्यात बांधल्या आणि चूल विझवली. मग साळूबाई वॉर्डावॉर्डातून वाटत फिरली.

अण्णा तणतणत आले. "बांधून दिलं म्हंजे रातीचं खायाला घाटलंच की. ह्ये पाप कुनाच्या माथी?"

"व्रत माजं हाय, अण्णा. त्यांच्या भुकंनं कवा घेतलं?" आई म्हणाली. "पाप असंल तर माज्या माथी."

त्याच रात्री आठच्या सुमाराला अण्णा स्वतः वॉर्डात बघायला आले. कोयनानगरकडचे आकाराम, बायकोचं ऑपरेशन झालेलं, बाहेर फडकं सोडून बसले होते. अण्णांना ते ओळखत नव्हते. सरकून त्यांनी जागा केली आणि अर्धी भाकरी मोडून पुढं धरली.

"घ्या पाव्हणं. तुमी बी उपाशीच दिसताय."

"आमी रातीचं जेवत न्हाई," अण्णा म्हणाले.

"मग दिवसा या की. समोर एक माउली वाढतीया. जात पुसत न्हाई, पैसं मागत न्हाई. लाजू नगासा."

दाराजवळच्या खाटेला मी सलाईन लावत होते. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी सलाईनकडं पाहिलं. हसू दाबताना जीव गेला माझा.

दुसऱ्या दिवशी पाचला रिकाम्या पंगतीत एकटे जिनदत्त अण्णा मांडी घालून बसले. आईनं वाढलं. ताट पुसून जेवले, आणि हात धुताना म्हणाले, "साळूबाईच्या जोडीला आनी दोघी घ्या. भाकरी कमी पडत्याल."

आता वॉर्डात नवं माणूस आलं की औषधाच्या आधी मी सोबतच्या माणसांना भाकरीचं सांगते. आणि ती देणारी माझी आई आहे, हे कुणी विचारलं नाही तरी सांगते.