नवरदेवाची गाडी

शाळामास्तराकडे स्पोर्ट्स कार होती, हे ऐकून आज कोणी हसलं तर मी वाईट वाटून घेत नाही. सत्तरच्या दशकात कारंजात लोक तोंडावरच हसायचे. गाडी मुळात माझ्या चुलत्यांची. त्यांचं कापसाचं जिनिंग होतं. तरुणपणी हौसेने मुंबईहून आणलेली ती विलायती गाडी दोनच माणसांची, उघड्या टपाची, आणि इतकी बुटकी की बैलगाडीच्या चाकोरीत तिचं पोट घासायचं. पुढे चुलत्यांची कंबर धरली आणि एवढं खाली बसणं-उठणं त्यांना जमेना. "तूच ने बाप्पा, नाई तं भंगारात घालतो," असं म्हणाले, आणि मी नेली. तोवर तिचा लाल रंग वाळल्या मिरचीसारखा झाला होता. माझं घर कारंजात, शाळा कामरगावला. आधी रोज एसटीने जायचो, मग गाडीतून जाऊ लागलो आणि स्वतःला कोणीतरी समजू लागलो.

गाडी चालायची ती मात्र माझ्यामुळे नव्हे. मी मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस, मला सायकलची साखळी नीट बसवता येत नव्हती. आमच्या शाळेत विज्ञानाचा एक तरुण शिक्षक होता, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. बौद्ध कुटुंबातला. वडील मजुरी करायचे, आणि हा सुट्टीत जिनिंगमध्ये फिटरच्या हाताखाली राबून बी.एस्सी. झालेला. तोही कारंजात खोली करून राहायचा. एकदा माझी गाडी रस्त्यात बंद पडलेली पाहून तो एसटीतून खाली उतरला, बाह्या सारल्या, आणि पंधरा मिनिटांत ती सुरू केली. दुसऱ्या दिवसापासून शेजारची जागा त्याची झाली.

मी त्याला अरे-तुरे करायचो. वयाने लहान म्हणून, असं मी स्वतःला सांगायचो. पण आमचे चित्रकलेचे सर त्याच्याहूनही लहान होते आणि त्यांना मी अहो-जाहो करायचो. हे माझ्या लक्षात यायला बराच काळ जावा लागला.

गाडीची बॅटरी कायम मेलेली. सकाळी मी चाकाशी बसायचो आणि तो मागून ढकलायचा. इंजिन खोकलं की धावत येऊन दारावरून उडी मारून आत बसायचा. रस्त्याने चाललेली पोरं टाळ्या वाजवायची. आपण ढकलावं आणि त्याने चाकाशी बसावं, हे एकदाही माझ्या मनात आलं नाही. तिचे नट-बोल्ट आपल्याकडच्या पान्यांना बसत नसत, म्हणून त्याने दोन पाने कानस मारून तिच्या मापाचे केले होते. फाटलेल्या पाइपाच्या जागी विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा पाइप बसवला. तिला इंजिनाला हवा-पेट्रोल पुरवणारे दोन कार्बुरेटर होते. रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बुरेटरला लावून तो दोन्हींचा श्वास ऐकायचा आणि स्क्रू फिरवत फिरवत सारखा करायचा. "ऐका सर, आता दोघंबी एका सुरात बोलून राह्यले," असं म्हणून नळी माझ्या कानाला लावायचा. मला काही कळायचं नाही. मी मान डोलवायचो.

पावसाळ्यात गाडी ताडपत्रीखाली आणि आम्ही दोघं एसटीत. उन्हाळ्यात मात्र तिला फार मान, कारण आमच्या भागात वरातीला उघडी गाडी दुसरी नव्हती. माझ्या नात्यागोत्यातले, ओळखीचे, शेतीवाडीवाले लोक यायचे आणि मी मोठ्या दिलाने हो म्हणायचो. तिला लोक नवरदेवाची गाडीच म्हणू लागले. फुलांच्या माळा, शेजारी नवरदेव, चाकाशी मी, कपाळाला माझ्याही गंध. फक्त एक अडचण होती. बँडच्या चालीने हळू चालली की गाडी उकळायची आणि पुढच्या जाळीतून वाफ यायची. म्हणून तो पाण्याचा डबा घेऊन शेजारून चालायचा. पुढे त्याने इंजिनाचं पाणी अडवणारा तिचा थर्मोस्टॅटच काढून टाकला आणि वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा कापून पंख्याभोवती असा बसवला की तासभर वरात चालली तरी काटा वर जाईना. तरीही डबा घेऊन यायचाच, न जाणो म्हणून. अशा किती वराती झाल्या. त्या लग्नांत तो कुठे जेवला, कोणी त्याला पंगतीत बसवलं की नाही, हे मी कधी पाहिलंही नाही आणि विचारलंही नाही.

एका उन्हाळ्याच्या तोंडाशी, शाळेतून परतताना तो म्हणाला, "सर, माह्यं लगन ठरलं."

मी पोरगी कुठली विचारलं. त्याने गाव सांगितलं. ते माझ्या मामांचं गाव होतं. मला उलट आनंदच झाला.

"एक म्हनतो सर. इतक्या नवरदेवायच्या बाजूनं पानी घेऊन चाललो. एकडाव मले बी बसू द्या ना गाडीत." तो हसत होता, पण कान लाल झाले होते.

"अरे, इचारतं कायले? गाडी तुहीच हाय," मी म्हणालो.

मी ते मनापासून बोललो होतो. आज सगळ्यात जास्त त्याचीच लाज वाटते. पुढचे आठ-दहा दिवस त्याने शाळा सुटल्यावर माझ्या अंगणात गाडीवर काम केलं. सीटचं फाटलेलं कातडं स्वतः शिवलं. कामरगावची पोरं त्याला "नवरदेव सर" म्हणून चिडवू लागली. तिकडे मुलीकडच्यांनीही गावभर सांगितलं की वरात मोटारीतून येणार.

ते मामांच्या कानावर गेलं. मामा एका दुपारी कारंजाला आले. माझे मामा काही रागीट नव्हते. वडील गेल्यावर माझं शिक्षण त्यांनीच केलं होतं. चहा घेतला, पोरांची चौकशी केली, आणि मग सावकाश म्हणाले, "मोटार आपल्या घरासमोरून जाईन. चालवनार तू. मी वसरीत बसलेला. लोक मले काय म्हनतीन?"

"मामा, तो माह्या शाळेतला मास्तर हाय."

"असन ना. चांगला असन. त्याले कोन काय म्हनते? लगन करावं, खुशाल करावं. पन तू काहून चालवतं?" आणि जाताना चपला घालत म्हणाले, "तुही गाडी तं बिघडतच राह्यते. बिघडली समज."

धमकी नाही, आवाज चढवणं नाही. मी नाही म्हणालो असतो तर मामांनी फार तर वर्षभर बोलणं टाकलं असतं. एवढंच. मला मारणार कोणी नव्हतं, माझी नोकरी जाणार नव्हती. मी तीन दिवस मनात वाद घातला आणि चौथ्या दिवशी त्याला सांगितलं, "गाडी सुरूच होऊन नाई राह्यली रे. काय झालं कोनास ठाव."

मला वाटलं होतं, लग्नाच्या गडबडीत तो 'जाऊ द्या' म्हणेल. कसला भोळा मी! इतकी वर्षं शेजारी बसूनही मी त्याला ओळखलं नव्हतं. "मी पाहातो ना," तो म्हणाला. "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी त्याचं लग्न एका दिवसावर आलेलं. तो येण्याआधी मी बॉनेट उघडलं. गाडीतली एकच गोष्ट मला कळत होती, तीही त्यानेच शिकवलेली. स्पार्क वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं की आत अंगठ्याएवढा रोटर असतो. तो काढून घेतला की गाडी जागची हलत नाही. चोरापासून जपायचा हा साधा उपाय. मी रोटर काढून खिशात घातला आणि झाकण लावून टाकलं.

तो भर दुपारी आला. पाहुण्यांनी भरलेल्या घरातून नव्या कपड्यांत तसाच निघालेला, हातात पान्यांची पिशवी. शर्ट काढून खुंटीला लावला आणि बनियनवर कामाला लागला. पेट्रोल पाहिलं, वायरी पाहिल्या. मी बाजूला उभा, घाम पुसत. मग त्याने झाकणाच्या दोन क्लिपा सोडल्या, झाकण उचललं आणि आत पाहिलं.

रोटरच्या रिकाम्या जागेवरून त्याने एकदा बोट फिरवलं. रोटर आपोआप पडत नाही, झिजून नाहीसा होत नाही, हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. नापास झालेल्या मुलाचा पेपर पुन्हा एकदा तपासून पाहावा तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिशात हात घालून उभा होतो.

तेवढ्यात माझी बायको चहा घेऊन बाहेर आली. "झाली का हो सुरू?" तिने विचारलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

त्याने झाकण जागेवर बसवलं, दोन्ही क्लिपा लावल्या, आणि फडक्याने हात पुसत म्हणाला, "नाई वैनी. पार्ट गेला. आपल्याइकडं भेटत नाई तो. सर तरी काय करतीन?"

त्याने चहा घेतला. कप विसळून ठेवला. शर्ट घातला, माझ्या बायकोला "लग्नाले येजा" म्हणाला आणि पिशवी घेऊन निघून गेला.

मी लग्नाला गेलो नाही. डोकं दुखतं म्हणून पडून राहिलो. बायको एसटीने जाऊन आली. दोन दिवसांनी मामांचा निरोप आला. "पायीच आला नवरदेव. गुमान गेले बिचारे. काई तरास नाई." मामा माझ्यावर खूश होते. त्या संध्याकाळी मी रोटर बसवला आणि उतारावर सोडली तर गाडी पहिल्या दणक्यात सुरू झाली.

रजा संपवून तो आला त्या सकाळी मी नेहमीच्या कोपऱ्यावर थांबलो. तो एसटी स्टँडवर उभा होता. मी जाऊन विचारलं, तर म्हणाला, "आता घरी मानूस हाय सर. डब्याले टाइम लागते. तुमाले उगाच उशीर." मी त्याला तेव्हापासून अहो-जाहो करू लागलो. गाडी बिघडली आणि मी निरोप पाठवला की यायचा, नळी कानाला लावायचा, दुरुस्त करायचा. बसला मात्र पुन्हा कधी नाही. शेजारची रिकामी जागा घेऊन मी आणखी दीड वर्ष कामरगावला गेलो-आलो. वरातीला मी सगळ्यांनाच नाही म्हणू लागलो, जणू त्याने काही फिटणार होतं. शेवटी ती अमरावतीच्या एका माणसाला देऊन टाकली.

पुढे तो दुसऱ्या गावी मुख्याध्यापक झाला. कारंजात त्याने घर बांधलं तेव्हा मला आग्रहाने बोलावलं. त्याची बायको मी तोवर नीट पाहिलीही नव्हती. मोठी बोलकी बाई. मला पाहताच म्हणाली, "सर, आमच्या लग्नात तुमची गाडी ऐन टायमाले बंद पडली ना? आमच्या गावचे लोक लय हासले जी, म्हने मोटार येनार व्हती. पन ह्यायनं साऱ्यायले सांगतलं, सरायचा काईच दोष नाई. तुमच्या डोयात पानी आलं व्हतं म्हने."

तो समोरच बसला होता. माझी लबाडी त्याने वरातीतल्या माणसांपासून लपवली होती, सासरच्यांपासून लपवली होती, आणि इतकी वर्षं स्वतःच्या बायकोपासूनही. माझ्या डोळ्यांत कधी न आलेलं पाणीसुद्धा त्याने पदरचं घातलं होतं. तो माझ्याकडे पाहत नव्हता. मला खरं सांगायला काही अडचण नव्हती. मामा कधीच वारले होते, गाडी नव्हती, माझी नोकरीही संपली होती.

"हो वहिनी," मी म्हणालो, "फार वाईट वाटलं होतं तेव्हा. पार्टच मिळाला नाही."

पहिल्या वेळी मला निदान मामांनी सांगितलं होतं. या वेळी कोणीच सांगितलं नव्हतं.