आठ, दहा, बारा, दोन

उत्तम शुश्रूषेच्या प्रमाणपत्रासाठी आमच्या दवाखान्याची तपासणी झाली, त्या आठवड्यात माझी माय माझ्याच वॉर्डात होती. कुंभार पिंपळगावला अंगणात घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. जालन्याला आणून ऑपरेशन केलं. मी तिथलीच सिस्टर, म्हणून घरचे सगळे निर्धास्त होते. मीसुद्धा.

प्रमाणपत्र अगदीच फुकाचं होतं असं मी म्हणणार नाही. त्या निमित्तानं हात धुवायचे नळ दुरुस्त झाले, औषधांच्या ट्रेवर पेशंटची नावं लागली. पण तपासणारे मुख्यतः कागद बघतात, आणि कागदांत आम्ही पटाईत होतो. ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याची दर दोन तासांनी कूस बदलायची आणि तक्त्यावर सही करायची, असा नियम आहे. आमची रीत अशी, की ड्युटीवर आल्या आल्या सगळ्या सह्या एकदमच करून टाकायच्या. आठ, दहा, बारा, दोन. नंतर सवड मिळत नाही. मला हे एका जुन्या सिस्टरनं शिकवलं, मी पुढच्या पोरींना शिकवलं. सगळ्या पाळ्यांत तेच चालायचं. सही झाली की काम झाल्यासारखंच वाटतं, हे खोटं नाही.

त्या आठवड्यात फायली पुऱ्या करता करता आमच्या नाकी नऊ आले. मायच्या खाटेजवळून जाताना मी विचारायची, "बरं हाये ना?"

"तू कर तुझं काम. मी बराबर हाये."

मी पुढं जायची.

तपासणी समितीच्या मॅडम आल्या तेव्हा मायनं पडल्या पडल्या त्यांना जयभीम केला. त्यांनी तक्ता बघितला, अक्षर सुंदर आहे म्हणाल्या आणि मायला विचारलं, "आजी, सिस्टर वेळेवर कूस बदलून देतात का?"

मी पायथ्याशी उभी होते. मायनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"बिलकुल. घड्याळ लावून बदलतेत."

दोन दिवसांनी चादर बदलताना तिच्या माकडहाडावर, एकाच अंगावर पडून पडून होते ती जखम दिसली. काळी पडलेली, वाटीच्या तोंडाएवढी.

"माय, दुखत न्हवतं का?"

"दुखत व्हतं की. पर ते लोक आल्ते ना. मी कण्हले असते तर तुला बोल लागला असता."

जखम कधीची ते बघायला डॉक्टरांनी तक्ता मागवला. एकही घर रिकामं नव्हतं. निम्म्या सह्या माझ्या. डॉक्टर म्हणाले, "काळजी तर पूर्ण घेतली आहे. वय झालंय, कातडी टिकत नाही." त्यांनी फाईल मिटली. मला वाटलं, आता रडू येईल किंवा निदान लाज तरी वाटेल. काहीच वाटलं नाही. मी ड्रेसिंगचा ट्रे आणायला गेले.

प्रमाणपत्र आलं तेव्हा आमचा सगळ्यांचा फोटो काढला आणि प्रत्येकीला फ्रेम करून दिला. मी मधोमध आहे, प्रमाणपत्र माझ्या हातात आहे. फोटोत मी हसते आहे.

सध्या मी रजा टाकून गावी आहे. जखम भरत नाही, त्यामुळं मायला उताणं झोपताच येत नाही. दर दोन तासांनी मी तिची कूस बदलते. इथं सही कुठंच करायची नसते, आणि माझी एकही वेळ चुकत नाही. डाव्या कुशीवर केलं की तिला दार दिसतं, उजव्या कुशीवर केलं की भिंत. त्या भिंतीवर तिनं तो फोटो लावून घेतला आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला ती तो दाखवते. "माझ्या लेकीला भेटलंय. सेवेसाठी."

बाया फोटो बघतात, मग माझ्याकडं बघतात. मी चहा ठेवते. दोन तास झाले की मायला पुन्हा फोटोकडं तोंड करून निजवते.