शिमोनाला दिसलं ते

आमच्या मंडळीत एक रीत आहे. बाळाला पहिल्यांदा चर्चमध्ये आणलं की ते आधी सर्वांत वयस्कर माणसाच्या हातात देतात. तारणाऱ्याची वाट पाहून थकलेल्या म्हाताऱ्या शिमोनाच्या हाती मंदिरात बाळ येशू आला होता, त्याची ही आठवण.

आज माझा नातू याकोबकाकांच्या हातात होता. काकांना आता दिसत नाही. ते बोटांनी त्याचं नाक, कान, भुवया चाचपत होते.

मी शेजारीच तोंड फिरवून बसलो होतो. जुन्या लाकडाच्या धंद्यात घासाघीस करताना मी कुणाला सोडलं नाही, देवालाही नाही. बायको आजारी पडली तेव्हा त्याला म्हटलं होतं, माझी वर्षं घे, पण मार्थाला नातवाचं तोंड दाखव. ती मात्र निवांत असायची. "देणार म्हणालाय ना, देईल," म्हणायची. त्याने दिलं, पण ती गेल्यावर. तारणारा येणार असं देवाचे संदेष्टे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले ते शिमोनाला दिसलं. सांगणारे न बघताच गेले. त्यांच्या घरच्यांनी कुणाशी भांडायचं?

"शमुवेल, कुणासारखा आहे रे?" काकांनी विचारलं.

"मी नीट बघितलं नाही."

"मला दिसत नाही, मार्था राहिली नाही. तुला दाखवलाय, तर तू रुसून बसलास होय?"

मी बघितलं. कपाळ मार्थाचं होतं, मधोमध तीच बारीक आठी. घरी गेल्या गेल्या तिला सांगू, असं मनात आलं, आणि मग बराच वेळ मला मान वर करता आली नाही.